बॅकस्पेस दाबला आणि भलतंच उमटलं

टर्मिनलवर काम करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बॅकस्पेस दाबला की अक्षर पुसलं जाण्याऐवजी ^? उमटतं. डिलीट दाबला की ~ येतं. वरच्या बाणाने मागची कमांड यायला हवी, त्याऐवजी कॅरट, दोन चौकटी कंस आणि ‘ए’ अशी रांग पडते. होम आणि एंड आपल्या मशीनवर चालतात, पण तिथूनच एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेलं की मुक्या होतात. चुकून कंट्रोल-एस दाबला जातो, खिडकी गोठते, आणि माणूस नेटवर्कला शिव्या घालत ती बंद करतो. व्हिममध्ये एस्केप दाबल्यावर अर्धा सेकंद काहीच हलत नाही.

यातल्या एकाही प्रसंगी कीबोर्ड बिघडलेला नसतो. दुसऱ्या खिडकीत, ब्राउझरमध्ये, तीच कळ गुमान काम करत असते. तरीही या दुखण्यावरचा उपाय बहुतेक जण अंधारात शोधतात. कुणीतरी दिलेल्या दोन ओळी बॅशच्या फाइलमध्ये चिकटवायच्या, चाललं तर ठीक, नाही तर आणखी दोन. अशा फाइली वर्षानुवर्षं फुगत जातात आणि नव्या मशीनवर जशाच्या तशा उचलून नेल्या जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते, कारण बिघाड एका थरात असतो आणि ओळी दुसऱ्याच थरात घातलेल्या असतात. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे, की उपाय करण्याआधी घोडं कुठे पेंड खातंय ते पाहावं. आणि ते पाहणं वाटतं तितकं अवघड नाही.

कळ दाबल्यापासून कमांडच्या ओळीत काही घडेपर्यंत मध्ये किती जणांचा हात लागतो, ते डिलीटच्या निमित्ताने पाहू. कीबोर्ड मशीनला एक आकडा पाठवतो. त्यात ‘डिलीट’ असं काही नसतं. अमुक जागची कळ खाली गेली, एवढीच बातमी असते. लिनक्सचा कर्नल त्या आकड्याला आपला क्रमांक देतो. मग पडद्याची व्यवस्था, जुनी एक्स असो वा नवी वेलँड, निवडलेली कीबोर्ड-रचना पाहून त्याला ‘डिलीट’ हे नाव देते. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललेलं असतं. त्यानंतर प्रकरण टर्मिनल एम्युलेटरच्या हाती जातं, आणि तो ते नाव टाकून देऊन चार बाइट पुढे सरकवतो: एस्केप, डावा चौकटी कंस, ३ आणि ~. हे बाइट कर्नलमधल्या टीटीवाय नावाच्या थरातून जातात. तिथे काही बाइट वाटेतच पकडले जातात. ३ या मूल्याचा बाइट, म्हणजे कंट्रोल-सी (डिलीटच्या बाइटांमधलं ‘३’ हे अक्षर वेगळं), आला की चालू प्रोग्रामला थांबण्याचा इशारा दिला जातो. उरलेले बाइट शेलपर्यंत पोचतात आणि शेल आपल्या तक्त्यात पाहतो, की ही चौकडी आली तर काय करायचं ठरलंय. मध्ये टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारा प्रोग्राम, असेल तर तो आलेले बाइट वाचून, अर्थ लावून, पुन्हा स्वतःचे बाइट तयार करतो. एसएसएच असेल तर पलीकडच्या मशीनवर टीटीवायचा आणखी एक थर लागतो.

म्हणजे शेलला कळ कधी दिसतच नाही, त्याला दिसतात ते बाइट. कुठली कळ दाबली, शिफ्ट सोबत होती का, कळ किती वेळ धरून ठेवली, हे सगळं वाटेत गळून गेलेलं असतं. विंडोजच्या जुन्या कन्सोलची गोष्ट इथे वेगळी होती. तिथे प्रोग्रामला कळ खाली गेल्याची आणि वर आल्याची वेगवेगळी नोंद मिळायची आणि सोबत दाबलेल्या शिफ्ट-कंट्रोलचीही. युनिक्सच्या वाट्याला ही चैन आली नाही, कारण युनिक्सचा जन्म झाला तेव्हा समोर पडदाच नव्हता. होता तो कागद.

बेल लॅब्समध्ये १९६९ च्या सुमाराला केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन होतं टेलिटाइप. मॉडेल ३३ हे त्यातलं सर्वांत पसरलेलं. टाइप केलेलं कागदावर छापलं जाई, आणि छापलेलं पुसायचं कसं? सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकलेलं अक्षर रद्द करायला # आणि अख्खी ओळ रद्द करायला @ टाइप करत. चूक कागदावर तशीच राही. संगणकाने ती समजून घ्यायची. पुसायचं अक्षर कोणतं, हे टीटीवायच्या थरात बदलता येतं, ते तेव्हापासून. आज आपण ‘एसटीटीवाय इरेझ’ अशी कमांड देतो तेव्हा # च्या जागी दुसरं काहीतरी बसवत असतो, इतकंच.

त्याच टेलिटाइपच्या काळात आस्की संकेतावली आली. सात बिट, १२८ जागा, त्यातल्या पहिल्या ३२ नियंत्रणासाठी राखलेल्या. कंट्रोल ही कळ तेव्हा सरळ गणित करायची. मोठ्या लिपीतला ‘एच’ म्हणजे ७२; त्यातून ६४ गेले की ८, आणि ८ म्हणजे बॅकस्पेस. ‘आय’ ७३, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे ९, म्हणजेच टॅब. ‘एम’ ७७, म्हणून कंट्रोल-एम १३, म्हणजे एंटर. डावा चौकटी कंस ९१, त्यातून ६४ गेले की २७, म्हणजे एस्केप. आजच्या निम्म्या तक्रारी या वजाबाकीत दडल्या आहेत. टॅब आणि कंट्रोल-आय यांना वेगवेगळी कामं द्यायची असतील, तर पारंपरिक टर्मिनलमध्ये ते शक्यच नाही, कारण दोन्हींचा बाइट एकच. शिफ्ट-एंटर आणि एंटर यांच्यातही तेच.

बॅकस्पेस आणि डिलीटचं भांडण तर त्याहून जुनं आणि चिवट. छिद्रांच्या कागदी पट्टीवर माहिती साठवत तेव्हा चुकलेल्या जागी सातही छिद्रं पाडून ती जागा बाद करत. सगळी छिद्रं म्हणजे सगळे बिट एक, म्हणजे १२७. हाच आस्कीतला ‘डेल’, म्हणजे डिलीट. ८ चा अर्थ ‘एक घर मागे सरक’, आणि १२७ चा अर्थ ‘इथलं बाद समज’. पडद्याचे टर्मिनल आल्यावर या दोन्हींचं काम एकच झालं आणि कोणता आकडा ठेवायचा यावरून तट पडले. डीईसी कंपनीच्या व्हीटी२२० टर्मिनलवर, १९८३ मध्ये, मागचं अक्षर खोडणारी कळ १२७ पाठवायची. आयबीएमच्या पीसीवर बॅकस्पेस म्हणजे ८. इमॅक्स वापरणाऱ्यांना १२७ हवा, कारण तिथे कंट्रोल-एच म्हणजे मदतीचं पान. बॅकस्पेसने ८ पाठवला तर अक्षर खोडायला जावं आणि मदत उघडावी, असा प्रकार. डेबियनने अखेर आपल्या धोरणातच लिहून टाकलं, की बॅकस्पेस १२७ पाठवील आणि डिलीट एस्केपवाली चौकडी. लिनक्सच्या जगात बऱ्याच अंशी शांतता नांदते ती अशा निर्णयांमुळे. पण सगळ्यांनी ते मानलेलं नाही. विंडोजवरून सर्व्हरवर जाणारे अनेक जण अजून पुटी वापरतात, आणि पुटीच्या सेटिंगमध्ये आजही विचारलेलं असतं, की बॅकस्पेसने कंट्रोल-एच पाठवायचा की १२७. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या सपोर्टच्या मुलांनी ते गोल बटण पाहिलेलं असतं. ते तिथे का आहे, हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

होमची कथाही व्हीटी२२० पाशीच अडते. त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर मधल्या पट्ट्यात सहा कळा होत्या: फाइंड, इन्सर्ट, रिमूव्ह, सिलेक्ट, आणि मागचा-पुढचा पडदा. त्यांना १ ते ६ असे क्रमांक आणि शेवटी ~. पीसीच्या कीबोर्डवर त्याच जागी इन्सर्ट, डिलीट, होम, एंड आले. डिलीटने रिमूव्हचा ३ घेतला, त्यावर फारसं कुणी भांडलं नाही. होमने फाइंडचा १ घ्यावा, असं लिनक्सच्या कन्सोलने ठरवलं. एक्सटर्म या एम्युलेटरने होमसाठी ‘एच’ हे अक्षर वापरलं. आरएक्सव्हीटी या दुसऱ्या एम्युलेटरने ७ घेतला. एका कळीला तीन उत्तरं, आणि तिन्ही आजही जिवंत आहेत.

या गोंधळातून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे ढोबळमानाने तीन पंथ दिसतात. सगळ्यांत जुना पंथ वर्णनाचा. बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय हा संपादक लिहिला, तो एडीएम-३ए या स्वस्त टर्मिनलवर; त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि व्हिम वापरणारे आजही त्याच चार कळांनी फिरतात. पण विद्यापीठात टर्मिनलच्या जाती अनेक होत्या आणि एकच संपादक सगळीकडे चालवायचा होता. म्हणून प्रत्येक टर्मिनलच्या सवयींची वही करायची, ती म्हणजे टर्मकॅप. पुढे बेल लॅब्समध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी तिचं अधिक पद्धतशीर रूप केलं, ते टर्मिन्फो. आपण ज्याला टर्म व्हेरिएबल म्हणतो, ते या वहीतल्या पानाचं नाव. प्रोग्रामने नाव वाचायचं, पान उघडायचं, आणि ‘या टर्मिनलवर होम म्हणजे हे बाइट’ असं शोधून घ्यायचं. ही वही वाचणारं एनकर्सेस हे ग्रंथालय (प्रोग्रामिंगची लायब्ररी) आणि एक्सटर्म ही दोन्ही कामं थॉमस डिकी कित्येक वर्षं सांभाळत आले आहेत, आणि ही वही अद्ययावत राहते त्याचं मोठं श्रेय त्यांचं.

वर्णनाचा पंथ तत्त्वतः बिनतोड आहे. व्यवहारात तो दोन ठिकाणी लंगडतो. टर्ममध्ये खरं नाव असेल तरच वहीचा उपयोग. आणि लोक बॅशच्या फाइलमध्ये सरसकट ‘एक्सटर्म-२५६कलर’ लिहून ठेवतात. मग टीमक्सच्या आतही तेच नाव राहतं, टीमक्स स्वतःला एक्सटर्म म्हणवू लागतो, आणि कळांचे अर्थ सरकतात. माझ्या मते ही एक ओळ काढून टाकली तरी बऱ्याच मशीन्सवरची निम्मी दुखणी थांबतील. दुसरी अडचण अशी, की नाव खरं असलं तरी पलीकडच्या मशीनवर ते पान असायला हवं. किटी किंवा घोस्टी यांसारख्या नव्या टर्मिनलमधून जुन्या सर्व्हरवर गेलं, की तो सर्व्हर ‘असलं टर्मिनल मला माहीत नाही’ म्हणून हात वर करतो.

त्यावरचा उतारा म्हणून दुसरा पंथ उभा राहिला: वही सोडा, सगळे एक्सटर्मच आहेत असं धरून चला. १९८४ च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या या एम्युलेटरची नक्कल पुढच्या बहुतेकांनी केली, त्यामुळे हे गृहीतक बऱ्याचदा खरं ठरतं. अनेक आधुनिक प्रोग्राम आणि भाषांमधली ग्रंथालयं याच पंथाची. मला हा पंथ फारसा आवडत नाही, पण त्याच्यामुळेच आज बहुतेकांच्या कळा बहुतेक वेळा चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरा पंथ नवा आहे. त्याचं म्हणणं, मुळात बाइटच अपुरे आहेत, तेव्हा टर्मिनलने प्रोग्रामला पुरी माहिती द्यावी. एक्सटर्मने शिफ्ट-कंट्रोल जोडलेल्या कळांसाठी जादा संकेत आधीच आणले होते. पॉल इव्हान्स यांनी त्यांना एकसंध रूप देण्याचा प्रस्ताव मांडला. आणि कॅलिबर या पुस्तक-व्यवस्थापकामुळे जगभर परिचित असलेले भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांनी आपल्या किटी टर्मिनलसाठी त्यावर एक पूर्ण करार रचला. प्रोग्रामने आधी विचारायचं, ‘तुला सविस्तर सांगता येतं का?’ टर्मिनलने हो म्हटलं तर टॅब आणि कंट्रोल-आय वेगळे कळतात, एस्केप ही एस्केपच आहे हे ठामपणे कळतं, कळ सोडल्याचीसुद्धा बातमी मिळते. विचारलं नाही तर सगळं जुन्यासारखं. फूट, वेझटर्म, अलॅक्रिटी, घोस्टी यांनी हा करार स्वीकारला आहे. सगळ्यांना तो पटलेला नाही, आणि मधल्या थरांपैकी एकाने जरी तो मानला नाही तरी साखळी तुटते. तरीही पुढची दिशा हीच दिसते.

या पंथांच्या पलीकडे शेल स्वतः काय करतो, हा वेगळा विषय आहे, आणि वाचकाचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जाणार. १९८० च्या दशकात डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने कमांडची ओळ इमॅक्ससारखी किंवा व्हीआयसारखी दुरुस्त करण्याची सोय रुजवली. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश आणला आणि त्यासोबत रीडलाइन हे ग्रंथालय. चेट रॅमी ते आजवर सांभाळतात. रीडलाइनचं सामर्थ्य असं, की तिच्या इनपुटआरसी फाइलमध्ये एकदा केलेली दुरुस्ती बॅशलाच नव्हे, तर जीडीबीसारख्या अनेक प्रोग्रामना लागू होते. मॅकवर मात्र बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी लिबएडिट असते, आणि ती वेगळी फाइल वेगळ्या भाषेत वाचते. झी-शेलची, म्हणजे पॉल फॉलस्टॅड यांच्या १९९० च्या शेलची, तर चूलच वेगळी. तो इनपुटआरसीकडे ढुंकून पाहत नाही. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर बॅशऐवजी झी-शेल पुढे केला तेव्हा त्याकडे वळलेल्या अनेकांच्या जुन्या दुरुस्त्या निकामी झाल्या.

झी-शेलमध्ये फसगत होण्याच्या दोन जागा इतक्या नेहमीच्या आहेत, की त्या इथेच सांगतो. एडिटर या व्हेरिएबलमध्ये ‘व्हिम’ लिहिलं असेल, तर झी-शेल त्या नावातलं ‘व्हीआय’ पाहून कमांडची ओळ व्हीआयच्या रीतीने चालवू लागतो. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला जात नाही, कंट्रोल-आर मागचं शोधत नाही. माणसाने बदललेला असतो गिटसाठीचा संपादक, आणि बिघडते ती कमांडची ओळ. ‘बाइंडकी’ला इमॅक्सची रीत वापरायला सांगणारी एक ओळ पुरते.

दुसरी जागा जास्त गमतीची. व्हीटी१०० च्या काळापासून बाणांच्या कळांना दोन मनःस्थिती आहेत, साधी आणि ‘ॲप्लिकेशन’. साध्या स्थितीत वरचा बाण एस्केप, चौकटी कंस आणि ‘ए’ पाठवतो. ॲप्लिकेशन स्थितीत कंसाच्या जागी मोठ्या लिपीतला ‘ओ’ येतो. टर्मिन्फोच्या वहीत लिहिलेले संकेत दुसऱ्या स्थितीचे असतात, कारण प्रोग्राम आधी टर्मिनलला त्या स्थितीत नेईल असं वहीने गृहीत धरलेलं असतं. झी-शेल आपण होऊन नेत नाही. तेव्हा अगदी शहाण्या माणसाने वहीतून होमचा संकेत काढून तो झी-शेलला शिकवला, तरी कळ चालत नाही. वही बरोबर, शेल बरोबर, माणूसही बरोबर. फक्त टर्मिनल त्या क्षणी दुसऱ्या मनःस्थितीत. ओळ सुरू होताना टर्मिनलला ॲप्लिकेशन स्थितीत आणि संपताना परत साध्या स्थितीत नेणारी चार ओळींची फंक्शन लिहिली, की प्रश्न मिटतो.

२००५ मध्ये आलेला फिश शेल या बाबतीत सगळ्यांत सुशील. त्याच्यासोबत कळ ओळखणारा छोटा प्रोग्रामच येतो: कळ दाबा, तो सांगतो काय पोचलं आणि ते कसं बांधायचं. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो किटीचा करारही वापरतो.

एस्केपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे प्रश्न बाइटचा नसून वेळेचा आहे. एस्केप ही स्वतंत्र कळ आहे आणि बाण, होम, डिलीट या सगळ्यांचा पहिला बाइटही तोच आहे. २७ आला, आता माणसाने एस्केप दाबला, की बाणाचा हा पहिला तुकडा आहे आणि बाकीचे मागून येताहेत? उत्तर मिळवण्याचा एकच मार्ग: जरा थांबून पाहणे. रीडलाइन अर्धा सेकंद थांबते, झी-शेल ०.४ सेकंद, टीमक्सचा थांबा अनेक वर्षं अर्धा सेकंद होता. व्हिम टीमक्सच्या आत चालत असेल तर हे थांबे एकमेकांवर चढतात. थांबा फार कमी केला तर सुस्त नेटवर्कवर बाणाचे तुकडे पडतात आणि ओळीत कंस-अक्षरं सांडतात. (ॲपलने २०१६ च्या काही मॅकबुकवर एस्केपची खरी कळ काढून तिथे स्पर्शपट्टी दिली होती, २०१९ मध्ये ती कळ परत आली. व्हिमवाल्यांनी तेवढ्या काळात काय काय भोगलं, तो या पुस्तकाचा विषय नाही.)

मराठी वाचकासाठी लिहिताना एक विषय टाळून चालणार नाही, आणि इंग्रजीतली या विषयावरची पुस्तकं तो हमखास टाळतात. कमांडच्या ओळीत देवनागरी टाइप केली तर काय होतं? युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात ‘क’ म्हणजे तीन बाइट: २२४, १६४, १४९. तिन्हींचा आठवा बिट लागलेला. जुन्या काळी आठवा बिट म्हणजे मेटा, आजची ऑल्ट कळ. लोकेल, म्हणजे भाषा आणि संकेतावलीचं सेटिंग, ‘सी’वर राहिलेल्या एखाद्या सर्व्हरवर रीडलाइन अजूनही तसाच अर्थ लावू शकते. प्रत्येक बाइटमधून १२८ वजा केले की उरतात बॅकटिक, डॉलर आणि कंट्रोल-यू. मधल्या मेटा-डॉलरचा बॅशमधला अर्थ ‘व्हेरिएबलचं नाव पुरं कर’. आपण कविता नावाची फाइल उघडायला जातो आणि बॅश दर अक्षराला व्हेरिएबल शोधत बसतो. लोकेल यूटीएफ-८ वर आणलं की हे थांबतं.

पुसण्याचा प्रश्न वेगळा. शेलऐवजी एखादा साधा प्रोग्राम इनपुट वाचत असेल, तर पुसण्याचं काम कर्नलचा टीटीवाय थर करतो. यूटीएफ-८ आहे हे त्याला माहीत नसेल तर बॅकस्पेसने ‘क’चा एकच बाइट जातो आणि दोन अनाथ बाइट मागे उरतात. त्यासाठी लिनक्सच्या २.६.४ या कर्नलपासून एक खास खूण उपलब्ध आहे. पण एसएसएचमधून जाताना ती खूण पलीकडे पोचवायची प्रमाणित सोय व्हायला २०१७ साल उजाडलं.

मग इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातली ही रचना आजही लिनक्स आणि विंडोजवर सोबत येते. इंग्रजी ‘सी’च्या कळीवर तिथे ‘म’ आहे. मराठी रचना चालू असताना कंट्रोल आणि ती कळ दाबली, तर टर्मिनलपुढे प्रश्न येतो: कंट्रोल-म म्हणजे काय? आस्कीच्या वजाबाकीत ‘म’ला जागा नाही. काही टर्मिनल मागच्या इंग्रजी रचनेकडे वळून कंट्रोल-सी समजून घेतात, काही गप्प बसतात, आणि बेफाम सुटलेला प्रोग्राम थांबवायला माणसाला आधी भाषा बदलावी लागते. रशियन आणि ग्रीक टाइप करणाऱ्यांचं दुखणं हेच. किटीच्या करारात कळीचा मूळ जागेवरचा अर्थ सोबत पाठवण्याची तरतूद आहे, ती त्यासाठीच. याखेरीज वेलांटी, मात्रा, जोडाक्षरं पडद्यावर किती घरं घेतात यावर टर्मिनल आणि शेल यांचं एकमत नसतं. एक म्हणतो वेलांटीला घर नाही, दुसरा म्हणतो एक आहे. मग कर्सर एका जागी दिसतो आणि खोडलं जातं दुसऱ्या जागचं. या प्रश्नाचं पुरतं उत्तर आज कुणाकडे नाही, आणि पुस्तकातही ते दिल्याचा आव आणलेला नाही.

हा विषय जुना आहे, संपलेला वाटतो, मग आत्ता पुस्तक कशासाठी? कारण थर वाढताहेत. वीस वर्षांपूर्वी आपण आणि सर्व्हर, मध्ये एक एसएसएच, असं होतं. आता लॅपटॉपवरच्या टर्मिनलमधून मधला सर्व्हर, तिथून खरं मशीन, त्यावर टीमक्स, आत कंटेनर, आणि कंटेनरमध्ये कसलीही ओळ-दुरुस्ती न जाणणारा काटकसरी शेल. तिथे बाण दाबल्यावर कचरा उमटला तर तो बिघाड नव्हे. त्या शेलला बाण माहीतच नसतात. डॉकरमध्ये कंट्रोल-पी पहिल्यांदा दाबला तर काही होत नाही, कारण कंटेनरमधून बाहेर पडण्याच्या जोडीतली ती पहिली कळ आहे आणि डॉकर दुसरीची वाट पाहत असतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या क्लाउडच्या टर्मिनलवर शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबावा, तर टॅबच बंद होते. टर्मिनलमध्ये चालणारे एआय सहायक आले आणि लांब सूचना लिहिताना नवी ओळ हवी म्हणून लोक शिफ्ट-एंटर दाबू लागले. निम्मी सूचना तशीच रवाना. एंटर म्हणजे १३ आणि शिफ्ट-एंटर म्हणजेही १३, हा साठ वर्षं जुना हिशोब आजच्या पिढीला असा भेटतो.

म्हणून या पुस्तकात तयार उपायांच्या यादीपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे. प्रश्न कोणताही असो, विचारायचा क्रम एकच ठेवला आहे. आधी टर्मिनल कोणते बाइट पाठवतंय ते पाहायचं: कंट्रोल-व्ही दाबून ती कळ दाबली की ते दिसतात, किंवा ‘शोकी’ आणि ‘कॅट’ या कमांडच्या मदतीने. मग टीटीवायने त्यातलं काही मध्येच पकडलंय का. मग टर्मचं नाव खरं आहे का आणि वहीत त्याचं पान काय म्हणतं. सर्वांत शेवटी शेलचा तक्ता. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण शेलची फाइल हाताशी असते. गोठलेल्या खिडकीचंच पाहा. कंट्रोल-एस हा टेलिटाइपच्या काळातला ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू ‘चालू कर’. दोन्ही टीटीवायच पकडतो. शेलमध्ये कितीही ओळी घाला, कंट्रोल-एसचा बाइट तिथवर पोचणारच नाही. ही पकड एसटीटीवायनेच सैल करावी लागते. आणि ती ओळही शेलच्या फाइलमध्ये लिहिताना, समोर खरोखर टर्मिनल आहे का ते आधी तपासावं. नाही तर स्क्रिप्टमधून लॉगिन होताच ती कुरकुर सुरू करते.

दुरुस्त्या शक्य तितक्या वरच्या प्रवाहात कराव्यात, असा माझा आग्रह पुस्तकभर दिसेल. बॅकस्पेस चुकत असेल तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये १२७ निवडा. प्रत्येक सर्व्हरवर जाऊन इरेझ बदलत बसू नका. काही जाणकार याच्या उलट सांगतात, आणि परक्याच्या मशीनवरून काम करणाऱ्याला त्यांचं ऐकावं लागतं. दोन्ही बाजू दिल्या आहेत.

भर लिनक्स आणि मॅकवर आहे. विंडोजचा विचार २०१८ नंतरच्या बदलांपासून पुढे केला आहे, कारण तिथे आता युनिक्सच्या रीतीचे बाइटही वाहू लागले आहेत. त्याआधीचा कन्सोल हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. गेमिंग कीबोर्ड, कळांचे सुटे स्विच, फर्मवेअर बदलणं यांना हात लावलेला नाही.

वाचताना शेजारी एक टर्मिनल उघडं ठेवावं आणि कामाचं टर्मिनल त्यासाठी वापरू नये. प्रयोगात ते अडकलं, टाइप केलेलं दिसेनासं झालं, एंटरही लागेना, तर कंट्रोल-जे दाबा, ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करा आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबा. अक्षरं पडद्यावर दिसणार नाहीत, पण पोचतात. एंटरऐवजी कंट्रोल-जे, म्हणजे १०, अशासाठी, की १३ चं १० करून देण्याचं टीटीवायचं कामच त्या वेळी बंद पडलेलं असतं.